किती झाल्या?

रोह्यात नदीकाठच्या कट्ट्यावर मी सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत बसायचो. सत्तरीतले एक काका समोरून फेऱ्या मारायचे. कडक इस्त्रीचा पायजमा, कॅनव्हासचे बूट. प्रत्येक फेरीला माझ्यापाशी थांबायचे आणि कमरेवर हात ठेवून विचारायचे, "किती झाल्या रे?"

"तीन, काका."

"तीनच? मला वाटलं पाच!" हसून पुढे चालू.

बायको वारलेली, मुलगा दुबईला, बिल्डिंगमधली सगळी दारं बंद, एवढंच ते एकदा बोलले होते. नाव मी कधी विचारलं नाही.

आमच्या घरात कॉलेज केलेला मी पहिला. त्याचा अभिमान आहे मला, काकांनाही ते सांगून झालं होतं, आणि कुणाची अडचण दिसली की हात शिवशिवतात. एक दिवस मी त्यांच्या मोबाईलमध्ये फेऱ्या मोजायचं ॲप टाकून दिलं.

"आता कुणाला विचारायला नको, काका."

"बरं केलंस," ते म्हणाले.

त्यानंतर आठवडाभर ते मोबाईलकडे बघत, न थांबता माझ्यासमोरून जात राहिले. पाचाच्या दोनच फेऱ्या व्हायला लागल्या. शेवटी मीच हाक मारली.

"काका, तो मोबाईल खिशात ठेवा. मी मोजतो."

"व्हय?" म्हणत ते ताठ झाले आणि निघाले. दर फेरीला पुन्हा थांबायला लागले. एक दिवस मध्येच लांबून बस दिसली आणि माझी मोजणी चुकली.

"किती झाल्या?"

"तीन," मी ठोकून दिलं.

"चार झाल्या! मला काय मोजता येत नाय व्हय, ग्रॅज्युएट?"