शालिकरामचे तीन आवाज

शालिकराम फिटर हिंगण्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं यंत्रांची खरखर ऐकत आला आणि घरी येऊन रेगे, म्हणजे जमैकाकडची गाणी, ऐकत आला. हे खूळ कुठून लागलं म्हणाल, तर मशीन बसवायला आलेला एक इंजिनीयर जाताना कॅसेट विसरला, आणि या गृहस्थाने ती परत करायची सोडून पाठ केली. शब्द त्याला आजतागायत कळले नाहीत. त्याचा जीव अडकला तो कॅसेटवर गाणाऱ्या तीन गड्यांच्या गळ्यांत. एक गातो, दुसरा त्याच्या खालून, तिसरा वरून. तिघांच्या जागा वेगळ्या, तरी डिसेंबरात एका दुलईत तिघे निजावेत तशी ऊब.

ही ऊब एकदा आपल्या माणसांच्या गळ्यातून ऐकायची, एवढंच त्याला हवं होतं. महिनाअखेर तो रिटायर होणार होता, आणि त्याआधीच्या रविवारी कंपनीचं स्नेहसंमेलन होतं. सकाळच्या पाळीच्या बसबद्दल त्याने एक गाणं रचलं आणि तो चालवत असलेल्या भजन मंडळातल्या देवराव आणि दुर्गेशला तालमीला बसवलं.

इथेच घोडं अडलं. देवरावला खालचा सूर दिला की तो पहिली ओळ कशीबशी धरी, आणि दुसऱ्या ओळीला गुपचूप शालिकरामच्या सुरावर येऊन बसे. दुर्गेश तर पहिल्या शब्दालाच येई. वर दोघांच्या तोंडावर असं समाधान, की जणू चुकलेली म्हैस गोठ्यात आली. पंधरा दिवस हाच खेळ. शालिकरामने डोकं धरलं, पेटीचं झाकण आपटलं, तालमीचा चहा बंद केला. शेवटी देवरावही वैतागला.

"पंचवीस वर्षं तूच सांगत आला ना गा, सूर सोडू नका म्हणून? अन् आता सोडा म्हणून राहिला. लोक म्हणतीन, याइले गाताच येत नाही."

खरं होतं, म्हणूनच जास्त झोंबलं. मंडळात कुणाचा आवाज जरा हलला की डोळे वटारणारा शालिकरामच होता. शनिवारी दोघे तालमीला फिरकले नाहीत.

मग तो दुपारी एकटाच पेटी ओढून, चिडून गात बसला. तिसऱ्या ओळीला त्याच्या अंगावर काटा आला. खालून एक आवाज येत होता, त्याच्या सुराला न शिवता त्याच्या बरोबर चालणारा. स्वयंपाकघरात त्याची बायको देवकी डाळ निवडत गुणगुणत होती. मंडळाच्या पट्टीत तिचा आवाज वर पोचत नसे, म्हणून ती खालून आपली वेगळी वाट धरी. मंडळ सुरू झालं त्याच वर्षी शालिकरामने तिला चारचौघांत सांगितलं होतं, की तू नुसत्या टाळ्या वाजव.

त्याने गाणं संपू दिलं आणि तिला हाताला धरून पेटीजवळ बसवलं. जन्मात कधी केलं नव्हतं असं आर्जव त्याने केलं.

"जसं गात होती ना देवकी, तसंच गाय वं. उद्या माह्यासंग तूच उभी राहा."

ती लाजली, पदर सारखा केला, खाकरली. त्याने सुरुवात केली. पहिल्या शब्दाला तिचा आवाज कापला, मग गळ्याच्या शिरा ताणत वर चढला आणि नेमका त्याच्या सुरावर जाऊन बसला. तिथून तो तसूभर हलला नाही. शालिकरामने पट्टी उतरवली, ती मागोमाग आली. तो दुसऱ्या खोलीत जाऊन गायला, तरी तिने भिंतीपलीकडून त्याला बिनचूक गाठलं. दहा वेळा गायले, दहाही वेळा तेच.

देवकी घामाघूम झाली होती, पण इतकी खूश ती त्याने कित्येक वर्षांत पाहिली नव्हती.

"आता बराबर लागला ना जी सूर?" तिने विचारलं.

रडावं की ओरडावं, शालिकरामला कळेना. त्याने पेटीचा भाता लावला.

"लागला वं," तो म्हणाला. "अगदी बराबर लागला."