चोरीला न जाणारी वाम

"सोळा पानांत जे मावलं नाही, ते कवीनं उगाच लिहिलं," असं जेफ्था क्राउल उठताबसता म्हणायचा. जेवताना म्हणायचा, चर्चच्या पायऱ्या उतरताना म्हणायचा, झोपेत कूस बदलतानाही त्याच्या तोंडून ते निसटायचं. त्याची बायको थॉमसिन अंधारातच उत्तर द्यायची, "मावलं रे बाबा, सगळं मावलं. झोप आता."

टेम्सच्या काठाला, ब्लॅकफ्रायर्सच्या बोळात त्यांचा छोटासा छापखाना होता, आणि तो चोरीवर चालायचा. सकाळी एखाद्या मोठ्या दुकानात शिलिंगाची नवी कविता आली, की जेफ्था ती विकत आणायचा, शिवण उसवायचा आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला बसायचा. कागदाचा एक ताव, त्याच्या तीन घड्या, म्हणजे सोळा पानं. कविता लांब असली तर मधून कापायची. थॉमसिन ओले ताव दोरीवर वाळत घालायची. दिवस मावळायच्या आत तीच कविता एका पेनीला, शिलिंगाच्या बाराव्या हिश्शाला, रस्त्यावर असायची, आणि भाजीवाल्यापासून नावाड्यापर्यंत जो तो ती वाचायचा.

एकदा गावाकडचा एक पाद्री धापा टाकत आला. नुकतीच चोरून छापलेली कविता त्याची होती. आल्या आल्या त्यानं राणीच्या नव्या कायद्याचं नाव काढलं, लेखकाला न विचारता त्याचं लिखाण छापू नये असं सांगणाऱ्या. जेफ्थानं त्याला स्टूल दिलं, बिअर दिली.

"माझी पहाट कुठं गेली?" पाद्री ओरडला. "चंडोल उठतो, दव पडतं, गवळण येते... कुठं गेलं ते सगळं?"

"सतराव्या पानावर गेलं असतं, महाराज," जेफ्था शांतपणे म्हणाला. "पण सतरावं पान नव्हतं."

पाद्री बिअर संपवून निघून गेला. जाताना दारातून वळून म्हणाला, "निदान चोरलीत तरी!" आणि थॉमसिनला वाटलं, हा माणूस रागावून आला होता खरा, पण चालला आहे तो ताठ मानेनं.

तिला वाटलं ते जेफ्थालाही वाटलं असावं, कारण त्या हिवाळ्यात तो स्वतःच कवी झाला.

त्यानं शाई-दौत घेतली नाही. तो खिळ्यांच्या पेटीपुढं उभा राहायचा आणि ओळ थेट बोटांतून उतरायची, उलटी, शिशाची, थंडगार. कविता होती एका वामेची, सापासारख्या लांबट माशाची. मासेवाल्याच्या टोपलीतून निसटून ती फ्लीटच्या नाल्यात पडते, नाल्यातून टेम्समध्ये आणि टेम्समधून समुद्राला लागते. मध्ये एक जागा होती. मेलेली मांजरं आणि कुजलेला कोबी वाहत असलेल्या त्या नाल्यावर चांदणं पडतं, आणि वाम मागं वळून नाल्याचा निरोप घेते. ते जुळवताना जेफ्थाचे डोळे भरून येत आणि खिळे दिसेनासे होत. थॉमसिन त्याच्या हातात रुमाल द्यायची.

वामेसाठी त्यानं हॉलंडचा जाड कागद आणला, चहूबाजूंनी पांढरा समास सोडला, शिलिंग किंमत लावली, आणि वाट बघत बसला. गिऱ्हाइकाची नाही, चोराची.

"विकत कुणीही घेतं," तो म्हणाला. "विकत घेणाऱ्याला काय कळतं? चोरणारा पारखून चोरतो. चोरली नाही, तर मी कवी नव्हे, थॉमसिन. नुसता म्हातारा मुद्रक."

कुणी चोरली नाही. जेफ्थानं दार उघडं ठेवून फिरायला जायला सुरुवात केली. ओले ताव खिडकीबाहेर टांगले. बोळात समोरच विधवा डॉर्कस पिमचा छापखाना होता, चोरीत जेफ्थाच्याही वरचढ. तिच्या उंबऱ्यावर त्यानं एक प्रत ठेवली. डॉर्कसबाई ती दोन बोटांत धरून परत घेऊन आल्या. "क्राउल, तुझं काहीतरी पडलं होतं."

त्या दिवसापासून त्याचं जेवण सुटलं. मटणाचं आवडतं कालवण तसंच ताटात गार व्हायचं. शेवटी थॉमसिन पदर सावरावा तशी शाल सावरून डॉर्कसकडं गेली.

"बाई, एवढी चोर ना गं ती वाम."

"अगं, पण का चोरू?" डॉर्कस शाईचे हात फडक्याला पुसत म्हणाली. "दार उघडं, खिडकी उघडी, वर घरपोच आणून देतो. असा माल मी माझ्या मशीनवर घेईन? इज्जत आहे माझी या बोळात."

"चांगली आहे गं."

"चांगली असती तर दडवली असती."

थॉमसिन परत येताना लोहाराकडून एक कुलूप घेऊन आली, भाकरीएवढं. ते तिनं दाराला लावलं. खाटकाकडून एक तांबडा कुत्रा मागून आणला आणि उंबऱ्याला बांधला. वामेच्या सगळ्या प्रती पेटीत घालून पेटीवर ती स्वतः बसली. गिऱ्हाईक आलं की म्हणायची, "ती कविता? छे छे. ती दाखवायची नाही. जाहीरच करायची नाही अजून." आणि इकडंतिकडं बघून आवाज खाली आणायची, "कुणाला बोलू नका हं."

"अगं, तू मला बुडवतेस!" जेफ्था डोकं धरून म्हणाला. "आता कोण चोरणार?"

"गप बस आणि कुत्र्यावर ओरड. मोठ्यानं."

तो मनापासून ओरडला.

एके सकाळी मागच्या खिडकीची काच फुटलेली सापडली. कुत्रा गोठलेल्या चरबीचा गोळा चघळत शेपूट हलवत होता. पेटीतली एक प्रत गेली होती. जेफ्थानं फुटलेल्या काचेचा एक तुकडा उचलला, खमिसाला पुसला आणि बायकोच्या गालाचा मुका घेतला. कितीतरी वर्षांत त्यानं तसं केलं नव्हतं.

संध्याकाळी बोळात आरोळी आली. टोपलीवाली बाई डॉर्कसच्या छापखान्याची वाम विकत होती, पेनीला एक. जेफ्थानं पेनी देऊन प्रत घेतली आणि भिंतीला टेकून वाचली. कागद पिवळट, शाई फिसकटलेली. वर चित्र होतं गलबताचं, कारण वामेचा ठसा डॉर्कसकडं नव्हता. 'एका थोर घराण्यातल्या गृहस्थाची रचना', असं खाली छापलं होतं. थॉमसिन त्याच्या चेहऱ्याकडं बघत होती. त्याचं बोट एका जागी थांबलं. पान उलटलं, परत मागं घेतलं.

"निरोप नाही," तो म्हणाला. "चांदणंच नाही, थॉमसिन. नाल्यातून एकदम समुद्रात."

त्याचा रुमाल तिच्या हातात होता.

त्यानं मान वर केली. "बरोबर तेच कापलंय बाईनं," तो हळूच म्हणाला. "मीही तेच कापलं असतं."

मग त्यानं टोपलीवालीच्या टोपलीला हात घातला. ती "ओ मिस्टर, ओ!" करत राहिली, तोवर टोपली त्याच्या काखेत गेली होती. स्वतःच्या शिलिंगाच्या मालाची अशी वाट लावायला तो ऐटीत निघाला, पुलाच्या दिशेनं, गळा फाडून ओरडत, "चोरलेली कविता! आत्ताच चोरलेली! काच फोडून चोरलेली!"

नावाडी वळून बघू लागले. टोपलीवाली रिकाम्या हातांनी त्याच्या मागं धावली. समोर वरच्या खिडकीतून डॉर्कस पिम कोपरं टेकून बघत होती, आणि खाली आपल्या उंबऱ्यावरून थॉमसिन, तो गर्दीत दिसेनासा होईपर्यंत.