दुपारच्या चुली आणि आमचा बंब

आगीच्या बंबखान्याचे किस्से राखेसारखे असतात बरं का भिया, आज झाडले तरी उद्या पुन्हा साचलेले! ऐका.

देवासला आमची अख्खी आळी गवताच्या छपरांची. वैशाखात लू, म्हणजे भाजणारा वारा सुटला की एक ठिणगी पुरे, आळी साफ! म्हणून दवंडी पिटतात, "दुपारी चुली बंद!" आणि आम्ही बंबवाले घरोघर फिरून पेटत्या चुली विझवतो. आम्ही म्हणजे गणपतराव जमादार, माळवी भेरू आणि शाळेतून हाकललेला मी. दिवसभर खिदळतो, पण नजर छपरांवर. घरी वहिनी बाळंतीण आहे. तिच्या डोक्यावरही गवतच.

*

एका घरात काकू चुलीवर टोपली पालथी घालून बसलेल्या.

"काकू, टोपलीखाली काय?"

"कोंबडी बसवलीय अंड्यांवर."

"कोंबडी बिडी ओढते का हो?"

तेवढ्यात टोपलीनेच पेट घेतला! भेरूने घागर ओतली. काकू रडायला लागल्या, "मेल्यांनो, माझी खिचडी!"

मी पोट धरून हसलो. मग वर नजर गेली. छपरातून लोंबणारी गवताची काडी काळी पडली होती. हसू तिथंच गिळलं.

*

भेरू बंबाला टेकून घोरत होता. मी त्याच्या कानाशी घंटा बडवली. गडी डोळे न उघडताच पंपाचं हँडल मारायला लागला! नळीचं तोंड होतं जमादारांकडे. पगडी उडाली ती थेट गटारात.

"कठे लागी? आग कठे?" भेरू ओरडला.

"माझ्या डोक्यात!" जमादार म्हणाले.

आणि खरंच टेकडीकडे काळं काहीतरी उठलेलं दिसलं. आमच्याच आळीच्या बाजूला! बंब ओढत आम्ही असे पळालो की माझी चप्पल कुठं गेली कळलं नाही. जवळ गेलो तर धुळीची वावटळ!

तिघंही रस्त्यातच खाली बसलो.

*

एका भटजींच्या घराची वळचण पेटली. भटजीणकाकू दारात आडव्या.

"चामड्याच्या नळीचं पाणी माझ्या देवघरात? शिव शिव!"

"बाई, देव जळतील!" जमादारांनी हात जोडले.

हे मात्र पटलं. काकू आत धावल्या, ताम्हनात सगळे देव घेऊन बाहेर आल्या. "हं, मारा आता पाणी!"

देव बाहेर आले, भटजी आतच झोपलेले!

भेरूने पाय धरून ओढून काढले. अर्धी शेंडी जळली होती. भटजी विचारतात, "चहा झाला का?"

*

आणि काल आमच्याच घराची पाळी आली.

वहिनीच्या खोलीत शेकशेगडी धगधगत होती. वहिनीची आई दारात उभी. "शेगडी विझायची नाही. मागच्या खेपेला पौषात विझली, आणि सकाळी पोर गार."

बाहेर लू घोंघावत होती. छपराचं गवत सळसळत होतं. माझ्या हातात भरलेली घागर. ओतू, की नको?

"चल, ओत," भेरू पुटपुटला.

"थांब," जमादार म्हणाले. "भेरू, तू छपरावर चढ. छप्पर भिजवत राहा. घागर इकडे आण रे."

घागर गुडघ्यांत धरून ते उंबऱ्याबाहेर बसले. नजर शेगडीवर. कोळसा तडकला की हात घागरीत! ऊन उतरेपर्यंत माणूस हलला नाही.

शेवटी पडद्याआडून वहिनी हळूच म्हणाली, "काका, हात किती थरथरतायत तुमचे."

"थंडी वाजतेय ग, पोरी," जमादार म्हणाले.