बरगड्या दिसल्या पाहिजेत

माझं लग्न ठरलं तेव्हा जमीन किती, विहिरीला पाणी किती, मुलाला व्यसन काय, हे सगळं माझ्या वडिलांनी नीट विचारून घेतलं. कुत्री किती, एवढंच विचारायचं राहिलं. मी बीडला कोर्टामागच्या गल्लीत वाढलेली. आमच्या गल्लीत कुत्रं दिसलं की दगड शोधायचा, एवढाच आमचा कुत्र्यांशी संबंध. गेवराईकडच्या या गावात सासरी आले, तर ओसरीवर तीन कारवानी कुत्र्या पाय लांब करून पडलेल्या. उठून नव्या सुनेला जागा द्यावी असं त्यांतल्या एकीच्याही मनात आलं नाही. थोरली, मधली आणि धाकटी अशी त्यांची नावं. गावात कुणी 'थोरली कशी हाय?' विचारलं की घरची थोरली सून म्हणून मी सुरुवातीला 'बरी आहे' असं स्वतःबद्दलच सांगत असे.

ज्यांनी कारवानी कुत्रं पाहिलं नाही त्यांना सांगते. उंच, सडपातळ, लांब तोंडाचं, पोट आत ओढलेलं. शेवटच्या बरगड्या दिसल्या पाहिजेत आणि कमरेच्या दोन हाडांमध्ये चार बोटं बसली पाहिजेत. नवरा रोज सकाळी दूध काढून झालं की थोरलीच्या कमरेवर बोटं ठेवून बघायचा. माझ्या वजनाकडे या माणसानं आजवर लक्ष दिलेलं नाही, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

सासूबाईंना मात्र या बरगड्यांची फार लाज वाटायची. "लोक म्हणतेत, ह्यांच्या घरी कुत्र्याला भाकर मिळंना. चार माणसांत तोंड कसं दाखवावं?" असं म्हणून त्या जेवता जेवता हळूच अर्धी भाकरी खाली सरकवायच्या. नवऱ्यानं पाहिलं की तो ओरडायचा, "माय, ती म्हैस न्हाई. लई चारलं म्हणून दूध देणार न्हाई तुला." मग दोघं रुसून बसायची आणि तेवढ्यात थोरली दुसरी भाकरी पळवायची.

पिल्लं झाली की घरात लगीनघाई. पिल्लू न्यायला येणाऱ्या माणसाची नवरा जी चौकशी करायचा, ती माझ्या वडिलांनी केली असती तर मी अजून बीडलाच असते. दिवसभर बांधून ठेवणार का? पळायला रान आहे का? ताकात भाकरी कोण कुस्करणार? आणि शेवटी घरची रीत: येणाऱ्यानं स्वतःच्या घरची भाकरी आणायची आणि पिल्लाला हातानं चारायची. पिल्लानं खाल्ली तर पिल्लू त्याचं. नाही खाल्ली तर चहा घेऊन परत. एक मास्तर तीनदा भाकरी घेऊन आले होते. तिसऱ्यांदा पिल्लानं कंटाळून खाल्ली असावी.

थोरलीला द्यायचा तर प्रश्नच नव्हता. ती घरची होती. पण गेल्या वर्षी एक पुढारी गाडी थांबवून आमच्या ओसरीवर आले. मोठे बागायतदार, आमच्या शेताची विजेची डीपी जळाली तेव्हा त्यांच्याच एका फोनवर नवी आली होती. त्यांनी थोरलीला कालव्याच्या रस्त्यावर पळताना पाहिलं होतं आणि तिचा व्हिडिओही काढला होता.

"जत्रेतल्या प्रदर्शनात हिचा पहिला नंबर काढा," ते म्हणाले. "मग ही कुत्री आपली."

ओसरीवर चार माणसं बसलेली. नवरा एकदा डीपी ज्या बाजूला आहे तिकडं बघून म्हणाला, "दिली."

"आताच कावून न्हेत न्हाई?" सासूबाई तिरकस आवाजात म्हणाल्या.

"नंबर नको का, मावशी? फोटो कशाचा काढायचा?"

त्यांनी भाकरी आणली नव्हती. गाडीतून परदेशी कुत्र्यांच्या खाण्याची एक चकचकीत पिशवी तेवढी काढून दिली. थोरलीनं ती हुंगली आणि तिच्याकडे पाठ करून बसली.

पुढच्या आठवड्यात नवरा काही निमित्त काढून त्यांचा मळा बघून आला. तिथं एक जर्मन कुत्रं पिंजऱ्यात होतं. पिंजऱ्याला कूलर होता, वरती पत्रा होता, सगळी सोय होती. फक्त कुत्र्याला वळायला जागा नव्हती. शेजारी दुसरा पिंजरा नवा रंगवून ठेवलेला. नवरा आला आणि न जेवता गोठ्यात जाऊन बसला.

"नाही म्हणून टाका," मी म्हणाले.

"शब्द दिलाय."

"मग प्रदर्शनाला नेऊच नका."

"त्येच ते झालं की."

आमच्याकडे हे असं असतं. माणूस तोंडातून 'दिली' म्हणून बसला की नंतर त्याला घास गिळवत नाही, पण शब्द काही तो गिळत नाही. मला त्याचा भयंकर राग आला होता. थोरली माझ्या जागेवर लोळायची, माझी चादर तिनं फाडली होती, तरी त्या रंगवलेल्या पिंजऱ्यात ती बसलेली मला डोळ्यांसमोर येत होती.

मग नवऱ्यानं प्रदर्शनाची तयारी सुरू केली. रोज सकाळी मोटरसायकलवर तो आणि शेजारून थोरली, असे दोघं कालव्याकडे जायचे. एवढं पळून खरं तर ती दोरीसारखी व्हायला हवी होती. पण ती दिसेनाशी व्हायच्या ऐवजी जास्तच दिसू लागली. बरगड्या झाकल्या गेल्या, पाठ सपाट झाली. सगळ्यांचं बोट सासूबाईंकडे. घरातली तुपाची बरणीही भराभर रिकामी होत होती, त्याचंही खापर मी मनातल्या मनात त्यांच्यावरच फोडलं. नवरा त्यांना पूर्वीसारखा ओरडत नव्हता, ते मला मनानं खचल्याचं लक्षण वाटलं. त्यातच त्याच्या शर्टाच्या खिशाला रोज तेलकट डाग. स्टँडवर भजी खाऊन दुःख विसरतो आहे, असं समजून मी ते डाग घासत राहिले आणि त्याला भज्यांवरून टोमणे मारत राहिले. तो ऐकून घ्यायचा.

प्रदर्शनाचे पंच म्हणजे जनावरांचे एक निवृत्त डॉक्टर. त्यांनी थोरलीच्या कमरेवर बोटं ठेवली, हाडं शोधली, पुन्हा शोधली.

"पाटील," ते माईकवरच म्हणाले, "ही कुत्री हाय का म्हैस? तुमच्या घरचं जनावर, आन् हे असं?"

सगळा मांडव हसला. ज्या माणसाला चार तालुक्यांतले लोक कुत्रं बघायला बोलावतात, तो माणूस मान खाली घालून उभा होता. "घरात लाडाची हाय," एवढंच तो म्हणाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सासूबाई मात्र खूश. म्हैस म्हणाले म्हणजे खात्यापित्या घरची म्हणाले, असं त्यांचं मत.

पहिला नंबर एका धनगराच्या कुत्र्याला मिळाला. पुढाऱ्यांनी त्यालाही विचारून बघितलं. "मेंढरामागं कोण पळंल, तुमी?" असं म्हणून तो निघून गेला. पुढारी आमच्याकडे येऊन थोरलीकडे बघत म्हणाले, "ही आता राहू द्या. पुढं बघू." नवऱ्यानं अत्यंत पडलेल्या चेहऱ्यानं मान हलवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याचा चहा घेऊन गोठ्याकडे गेले. थोरली दोन पाय त्याच्या छातीवर ठेवून उभी होती आणि तोंड त्याच्या शर्टाच्या खिशात खुपसत होती. त्यानं खिसा उलटा करून तिला दाखवला. आत गुळाचे दोनचार कण आणि पोळीचा चुरा.

"संपलं आता," तो तिला सांगत होता. "तूप न्हाई, गूळ न्हाई. आजपून निसतं पळायचं."

मग त्याला मी दिसले. मी खिशाकडे बघितलं, खिशावरच्या डागाकडे बघितलं. इतके दिवस मी घासत होते ती भजी नव्हती. शब्द त्यानं मोडला नव्हता, नुसता तुपात बुडवला होता, आणि त्यासाठी सगळ्या मांडवासमोर स्वतःचं हसं करून घेतलं होतं. मला या माणसाचा इतका अभिमान आधी कधी वाटला नव्हता, आणि हे त्याला सांगायची पंचाईत होती.

"मायला सांगू नको," तो म्हणाला.

"कावून?" बीडची मी, पण एवढं आता तोंडात बसलंय.

"तिला वाटतंय, तिच्याच भाकरीनं झालं. खूश हाय ती."

मी चहा त्याच्या हातात दिला आणि शर्ट धुवायला मागून घेतला. ओसरीवर आले तोवर थोरली माझ्या आधी पोचून माझ्या जागेवर पसरली होती. तिला उठवलं नाही. शेजारी जमिनीवर बसले आणि तिच्या कमरेवर हात ठेवून हाडं कुठं लागतात का ते बघत राहिले.