पाडल्यावर सोडायचं

“पोरगी हुशार हाय, पण आवाज कुटं हाय? मैदानावर कुजबुजून चालतंय व्हय?”

चहाच्या टेबलाशी निवृत्त सुभेदार कुस्तीच्या वस्तादांना सांगत होते. पाठ माझ्याकडे होती. मी कप घेऊन मागे सरले. बोलणं माझ्याबद्दलच होतं आणि खोटं नव्हतं.

सांगलीत रग्बी प्रशिक्षकांचं चार दिवसांचं शिबिर होतं. आम्ही नऊ जण. सुभेदार पलटणीत थोडंफार खेळलेले, वस्ताद कुंडलच्या तालमीतले, बाकीचे कबड्डीवाले आणि पी.टी.चे शिक्षक. शाळेत रग्बी खेळलेली मी एकटीच, पाचगणीच्या बोर्डिंगमध्ये, तीही सगळी इंग्रजीत. नियम पाठ होते. ते मराठीत ओरडून सांगायची वेळ कधी आली नव्हती. आता मी कवठे महांकाळला शिकवते. माझ्या मुलींचा संघ तयार होता, पण प्रशिक्षक पास असल्याशिवाय त्यांना स्पर्धेत घेणार नव्हते.

शेवटच्या दिवशी चाचणी. बाकीच्यांना खेळाडू समजून वीस मिनिटं सराव घ्यायचा. मी टॅकल निवडला. वस्तादांनी बॉल घेऊन पळणाऱ्या सुभेदारांच्या कमरेला मिठी घातली आणि त्यांना अलगद खाली घेतलं. इतकं सफाईदार आमच्यात कुणालाच जमत नव्हतं. पण मग ते सोडेनात. पाठ जमिनीला टेकेपर्यंत पकड ढिली करायची नाही, हे त्यांच्या अंगात मुरलेलं. चारही दिवस हेच चाललं होतं, आणि शिकवणारे सर नुसतं ‘रिलीज, रिलीज’ म्हणत होते. मुलांना असंच शिकवलं, तर दर वेळी पेनल्टी बसणार होती.

“आवं वस्ताद, मी काय तुमच्या जोडीचा न्हाई,” सुभेदार खालून म्हणाले.

सगळे हसले. परीक्षक माझ्याकडे बघत होते. मी काहीतरी म्हटलं, ते मलाच ऐकू आलं. मग श्वास घेतला.

“वस्ताद, सोडा! पाडलं की कुस्ती संपली. सोडायचं, उठायचं, मग बॉल घ्यायचा.”

कुंपणापलीकडून जाणारा सायकलवाला थांबून बघायला लागला.

“आसं व्हय,” वस्ताद म्हणाले. “मग हे आदीच सांगायचं की.”

पुढच्या खेपेला त्यांनी पाडलं, सोडलं, उठले आणि बॉल काखेत मारून थेट रेषेपलीकडे गेले. परीक्षकांनी माझ्या नावापुढे ‘पास’ लिहिलेलं मला उलटं वाचता आलं.

सुभेदार अजून मातीतच बसलेले. “पोरी, ह्यो आवाज कुटं लपवला हुतास?”

“उठा सुभेदार,” मी म्हणाले, “माझी अजून सात मिनिटं आहेत.”