सारसाची ओटी

पाखरांनाही चार लोकांशी ओळख व्हावीशी वाटते, पण बिचाऱ्यांना ती करून देणारा कोणी भेटत नाही, असं मनापासून मानणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात एकच आहे आणि तो नेमका माझा साडभाऊ आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. सानगडीजवळ तलावाखाली त्यांची धानाची शेती. तीन वर्षांपूर्वी एक दुर्बीणवाला तलावाच्या पाळीवर दिवसभर उपाशी बसलेला त्यांनी पाहिला. ‘लोक पाखरं पाहाले नागपूरहून येऊन राहिले, अन् आपून त्याईले धानातून हाकलून राहिलो!’ असं म्हणत ते घरी आले, आणि आठवड्याभरात दारात पाटी लागली: ‘पक्षी पर्यटन केंद्र. राहणे, जेवण व पक्षी. सारस हमखास.’

मी शाळेत मराठी शिकवतो, म्हणून पत्रकं लिहिण्याचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडलं. वाटण्याचं खातं त्यांचं स्वतःचं. लग्न, बारसं, बाजार, काही सुटायचं नाही. एकदा आंधळगावला आम्ही एका तेरवीला गेलो, तर पंगत बसल्याबरोबर ह्यांनी प्रत्येक पत्रावळीशेजारी एकेक पत्रक ठेवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. “काहून लाजता, साडभाऊ?” ते म्हणाले, “एवढी माणसं एका जागी पुन्हा कधी सापडतीन?”

पाहुणे येऊ लागले, पण त्यांना पाखरं दिसणं कठीण होतं, कारण साडभाऊंचा पाहुणचार. पाहुणा पहाटे निघाला की आधी चहा, मग पोहे, मग पातोड्यांचा रस्सा आणि भात. “उपाशी माणसाले पाखरू दिसत नाही,” हे त्यांचं शास्त्र. तोवर ऊन चढायचं, पाखरं पांगायची आणि पाहुणा पाळीवरच्या आंब्याखाली घोरत पडायचा. अभिप्रायाच्या वहीत पानंच्या पानं पातोड्यांची तारीफ आहे. बगळ्याचा उल्लेख एकदाच आहे.

गेल्या पावसाळ्यात, रोवणी आटोपल्यावर, सारसाच्या जोडीने खुद्द त्यांच्याच बांधीत, पाणी साचलेल्या धानात, गवतकाड्यांचं घरटं रचून दोन अंडी घातली. साडभाऊंचा लगेच फोन. “पत्रक लिहा! सारसणीची ओटी भराची आहे. असं कोण्या पर्यटनवाल्यानं केलं नसन!” मागून मेहुणीचा आवाज आला, “अंडे घातल्यावर कायची ओटी? आता बारशाचं पाहा!” पण ऐकतो कोण? मीही फुशारून ‘अभूतपूर्व सोहळा’ वगैरे लिहिलं.

दोन गाड्या भरून पाहुणे आले. आम्ही धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, जवळ गेलो तशी जोडी घरटं सोडून दूर जाऊन उभी राहिली. मेहुणीने घरट्याशेजारी खण, नारळ आणि सूपभर तांदूळ ठेवले. फोटो निघाले, टाळ्या झाल्या आणि सगळे जेवायला घरी परतलो. तांदळावर कावळे जमले. तांदूळ संपल्यावर त्यांना अंडी दिसली. आम्ही जेवून पुन्हा गेलो तेव्हा घरट्यात नुसती टरफलं होती आणि ती दोघं भोवती फिरत ओरडत होती. ते ओरडणं मला अजून ऐकू येतं. साडभाऊ चिखलातच खाली बसले. “कावळ्याईले मीच आवतन देलं,” एवढंच म्हणाले. पत्रक माझं होतं. मला तोंड वर करवेना.

यंदा पाहुणे आले की साडभाऊ त्यांना तलावाच्या पलीकडच्या काठाला नेतात. बदकं दाखवतात, पाणकोंबड्या दाखवतात. सारसाचं विचारलं तर, “अवंदा आलेच नाही.” एकजण चिडून पाटीकडे बोट दाखवू लागला, तर ह्यांनी त्याच्यासमोर चुन्याचा कुंचा आणून ‘सारस हमखास’ पुसून टाकलं. पाहुणे रोडावले. मी नवं पत्रक लिहितो म्हणालो, तर विषयच बदलला.

परवा संध्याकाळी मी गेलो होतो. “चला,” म्हणाले. माझा पांढरा सदरा काढायला लावून त्यांनी आपला मळका अंगरखा मला घातला आणि बांधीपासून बरंच लांब, मोहाच्या झाडामागे उभं केलं. धानातून दोन लाल माना वर आल्या. मग धुऱ्यावर, दोघांच्या मधोमध, एक तांबूस पिल्लू लुटुलुटु चालताना दिसलं. मला राहवेना. म्हणालो, “थोडं जवळ जाऊ या?”

“नाही,” ते कुजबुजले. “त्याईले आपली ओळख झाली आहे ना, साडभाऊ. म्हणूनच दूर राहाचं.”

जिल्हाभर ओळखी करून देत फिरलेल्या त्या माणसाचे डोळे भरून आले होते. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी आलो तर मेहुणी दारातच उभी. “सारस दिसले काय?”

“नाही बा,” साडभाऊ पाय धुता धुता म्हणाले.

“मलेही नाही दिसले सकाळी,” ती म्हणाली आणि आमच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.