योस्टला न दिसलेले फटके

शनिवारी मैत्रिणीच्या मुलीला, ओवीला, घेऊन झूटरमेरच्या आइस रिंकवर गेले होते. दोन वर्षं मी तिकडे फिरकले नव्हते... आणि नेमका योस्ट समोर.

योस्ट इथल्या आइस हॉकी क्लबचा गोलकीपर होता. पंधरा वर्षं व्यावसायिक हॉकी... आधी जर्मनी, मग डेन्मार्क, शेवटी इथे नेदरलँड्समध्ये. आता तो रॉटरडॅमला एका गोदामात शिफ्ट सांभाळतो आणि शनिवारी लहान मुलांना गोलकीपिंग शिकवतो.

त्याचं करिअर संपण्यात माझा हात आहे. ओवीची आई मृणाल सोडली तर हे शनिवारपर्यंत मी कुणाला सांगितलं नव्हतं.

मी डेटा ॲनालिस्ट. नोकरी हूफडॉर्पला, पण राहते त्या गावात चार ओळखी व्हाव्यात म्हणून क्लबमध्ये स्वयंसेवक झाले. मृणालने तेव्हा चिडवलं होतं, की बर्फ फक्त गोळ्याच्या गाडीवर पाहिलेली बाई आता हॉकीचं ॲनालिसिस करणार.

मी मात्र मनावर घेतलं. प्रत्येक मॅचचा व्हिडिओ बघायचा आणि प्रत्येक फटका कुठून आला, कसा आला, अडला की गोल झाला, हे शीटमध्ये भरायचं. एकही फटका सोडला नाही.

सीझन संपल्यावर चार्ट तयार झाला. योस्टवर झालेल्या गोलांपैकी निम्म्याहून जास्त लांबून मारलेल्या फटक्यांवर होते... म्हणजे अडवायला सोपे मानतात तसे. क्लबच्या कमिटीतले एक जण सगळ्यांसमोर म्हणाले की अखेर नेमकं काम करणारं कुणीतरी मिळालं. मला ते आवडलं. जरा जास्तच आवडलं.

त्यानंतर एकदा ज्युनिअर मुलांची मॅच बघताना गोलमागच्या काचेशी उभी राहिले. तिथून पक, म्हणजे ती काळी रबरी चकती, दिसेचना. समोर नुसत्या पाठी. समोरच्या टीमचे खेळाडू मुद्दाम गोलकीपरच्या डोळ्यांपुढे उभे राहतात, आणि त्यांना हटवणं हे बचाव करणाऱ्यांचं काम असतं, हे मला तिथे शेजारी उभ्या असलेल्या एका आजोबांनी सांगितलं.

आमचा कॅमेरा वर गॅलरीत होता. तिथून पक सतत दिसायचा. मला दिसतोय म्हणजे त्यालाही दिसत असणार, हे मी न तपासता गृहीत धरलं होतं...

आठवडाभर ऑफिसनंतर सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले. लांबून झालेल्या जवळजवळ प्रत्येक गोलाच्या वेळी त्याच्यासमोर कुणीतरी उभं होतं. त्याला दिसलेले फटके त्याने बहुतेक सगळे अडवले होते.

हे रविवारी पूर्ण झालं. योस्टच्या कॉन्ट्रॅक्टची मीटिंग गुरुवारी होती.

चूक कळवणारा ईमेल कमिटीला लिहिला, पण पाठवला नाही. कमिटी इतरही गोष्टी बघत असेल, वय बघत असेल, स्वयंसेवकाने किती बोलावं... अशी कारणं मी स्वतःला देत होते. मृणाल सरळ म्हणाली, "अगं, पाठव की. चूक आहे, गुन्हा नाही." खरं कारण एवढंच होतं की मला 'नेमकं काम करणारी' हे बिरुद सोडायचं नव्हतं.

कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. छत्तिसाव्या वर्षी दुसऱ्या कुठल्या क्लबनेही विचारलं नाही.

शनिवारी ओवी स्केटिंग करत होती तेव्हा मी त्याच्याजवळ गेले आणि सगळं सांगितलं. तो एका चिमुरडीच्या पॅडचे पट्टे आवळत होता. हात थांबले नाहीत.

"हे तुला कधी कळलं?" त्याने विचारलं.

खोटं बोलता आलं असतं. "मीटिंगच्या चार दिवस आधी," मी म्हटलं.

त्याने शेवटचा पट्टा लावला, मुलीला बर्फावर सोडलं. मग म्हणाला, "त्या गुरुवारी मी त्यांना हेच सांगत होतो. त्यांनी तुझा चार्ट पुढे केला. त्यांना वाटलं, मी सबबी सांगतोय. नंतर मलाही तसंच वाटायला लागलं."

मी सॉरी म्हटलं. त्याने मान हलवली आणि मुलांकडे गेला.

मला वाटत होतं की माझ्यामुळे त्याचा एक सीझन गेला, फार तर दोन. मागची पंधरा वर्षंही त्याच्या मनात संशयाखाली गेली असतील, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं...

घरी येऊन दोन वर्षं पडलेला तो ईमेल त्याला आणि कमिटीला पाठवला. त्याचं उत्तर आलेलं नाही. ते यावं अशी अपेक्षा करण्याचा हक्कही मला नाही.

चूक मी सगळ्यांसमोर मांडली होती, म्हणून ही दुरुस्तीही सगळ्यांसमोर लिहितेय. त्या सीझनमध्ये योस्ट चांगला खेळला होता. हे वाक्य त्या गुरुवारच्या आधी लिहायला हवं होतं.